कडुनिंबाला टांगलेला कप

वकील रफाकत चीमा यांना कोर्टात कोणी घाबरत नसे, पण त्यांच्या अशिलांच्या बायका त्यांना पोटभर जेवू घालत. रखील तर दर तारखेला पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मक्याची भाकरी आणि सरसोंचं साग घेऊन हजर. तिचा नवरा इनायत मसीह, गावातला ख्रिस्ती ट्यूबवेल मिस्त्री, धर्मनिंदेच्या आरोपावरून तीन वर्षं तुरुंगात होता. या कलमाला शिक्षा फाशीची. भानगडीचं मूळ म्हणाल तर इनायतची बकरी. तिनं हाजी तुफैल यांचा फ्लॉवर खाल्ला, शब्दानं शब्द वाढला, आणि आठवडाभरात हाजींना आठवलं की इनायत चहाच्या टपरीवर काहीतरी भयंकर बोलला होता.

खटला घेतल्यापासून चीमासाहेबांना धमक्या येत. त्यांची बेगम म्हणायची, "वकिली सोडा असं मी म्हणत नाही. निदान बकऱ्यांचे खटले तरी घेऊ नका." असं म्हणून तीच रखीलसाठी लोणच्याची बरणी बांधून द्यायची.

गंमत अशी, की इनायत नेमकं काय बोलला हे कोणी सांगतच नव्हतं. ते शब्द पुन्हा उच्चारले तर उच्चारणाराच गुन्हेगार. साक्षीदार कानाला हात लावत, न्यायाधीश टेबलाकडे बघत आणि पुढची तारीख पडे.

हाजींच्या उलटतपासणीला सगळं गाव लोटलं होतं. पहिल्या बाकावर त्यांचे होणारे व्याही. आरोपीच्या पिंजऱ्यात इनायत, भिंतीशी रखील, तिच्या मांडीवर डबा. न्यायाधीशांनी सुरुवातीलाच दोनदा पाणी मागवलं.

चीमासाहेबांनी मधाळ आवाजात विचारलं, टपरीवरचा चहा कसा असतो? सरकारी वकील हरकत घ्यायला उठले आणि हरकत न सापडल्यामुळे बसले. चहा उत्तम असतो, हाजी म्हणाले. त्या संध्याकाळी इनायत कुठे बसला होता? बाकावर, माझ्या शेजारी. खांद्याला खांदा? अर्थात, म्हणून तर शब्दन् शब्द ऐकू आला. हे वाक्य ठाणेदारानं हाजींकडून चांगलं घोटून घेतलेलं दिसत होतं.

"वा. मन मोठं आहे तुमचं हाजीसाहेब," चीमासाहेब म्हणाले. "मिस्त्री बाकावर, तुम्ही बाकावर, एकाच ट्रेमधले कप. बिस्किटंही एकाच बशीतली असतील?"

मागे कुजबुज झाली. व्याह्यांचा दाढीवरून फिरणारा हात मध्येच थांबला.

हाजींचा चेहरा लालबुंद झाला. "वकीलसाहेब, तोंड सांभाळा. माझ्या आजोबांपासून आमच्या घरातलं कोणी त्या लोकांबरोबर खायला-प्यायला बसलेलं नाही. त्याचा कप वेगळा. रस्त्यापलीकडे कडुनिंबाला खिळा आहे, तिथं टांगलेला असतो. तो बसतोही तिथंच, उकिडवा. विचारा साऱ्या गावाला."

साऱ्या गावानं माना डोलावल्या. व्याह्यांचा हात पुन्हा दाढीवरून फिरू लागला.

हे वेगळ्या कपाचं कुठल्या धर्मग्रंथात लिहिलंय, असं विचारायचं चीमासाहेबांच्या अगदी ओठावर आलं होतं. स्वतः पाच वेळचे नमाजी. पण तो आजचा प्रश्न नव्हता.

"पिठाच्या चक्कीजवळचा कडुनिंब?"

"तोच."

"चक्की संध्याकाळी चालू असते?"

"असते म्हणजे काय. तिथं सख्ख्या बापानं हाक मारली तरी ऐकू..."

पुढचा शब्द हाजींनी गिळला. न्यायाधीशांनी टेबलावरची नजर उचलली.

निकाल सुटकेचा लागला. अर्थात सुटका कोर्टातून. गावाकडे तोंड दाखवलं तर जिवाची शाश्वती नव्हती. लांबच्या शहरात खोली बघून ठेवली होती. गाडी येईपर्यंत इनायत आणि रखील चीमासाहेबांच्या घरी थांबली. बैठकीत या म्हणून सांगितलं तरी इनायत उंबऱ्याशीच उकिडवा बसला आणि गाठोड्यातून तुरुंगातला पत्र्याचा पेला काढून त्यानं समोर ठेवला.

बेगम चहाचा ट्रे घेऊन आली. पेल्याकडे तिनं बघितलंच नाही. सहा कपांचा सेट आहे, म्हणाली, एखादा कोरडा राहिला की मला चैन पडत नाही. मग त्या दोघांना सोफ्यावर बसवूनच तिनं चहा ओतला.

इनायतनं कप दोन्ही हातांत धरून चहा संपवला. मग हळूच विचारलं, "साहेब, हा धुवून कुठे टांगू?"



"इथं खिळा नाही, भाऊ," बेगम म्हणाली. "ठेवा तिथंच. आणि आधी अजून अर्धा घ्या."