सतरा नंबरचा शिक्का

नदीवरच्या नव्या पुलावरून फक्त पायी चालणारे आणि सायकलवाले जाणार होते. पण म्हणून वेल्डिंगमध्ये कुणी सूट देतं की काय? प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरनं आपल्या नंबराचा शिक्का हातोडीनं ठोकायचा, असा तिथला नियम. दोघे सख्खे भाऊ तिथं वेल्डर होते; थोरल्याचा नंबर सतरा. वीस वर्षांत त्याचा एकही जोड नापास झाला नव्हता, आणि हे तो दिसेल त्याला ऐकवायचा, समोरचा कंटाळेपर्यंत.

उद्घाटनाला पंधरा दिवस उरले आणि जोडांच्या एक्स-रे तपासणीत एक जोड नापास झाला. नंबर सतरा.

थोरला शिडीवर चढला आणि त्यानं जोडावरून बोट फिरवलं. हा हात आपला नव्हे, धाकट्याचा! धाकट्याची बायको बाळंत झाली तेव्हा त्याची रजा संपलेली, म्हणून दवाखान्यात थोरला गेला होता. आपल्या वाटचे जोड धाकट्यानं करावेत म्हणून जाताना शिक्का त्याच्याकडे ठेवून गेला. शिक्का कुणाच्या हातात द्यायचा नसतो. पण सख्खा भाऊ म्हणजे काय कुणी परका?

“हे काम तुमचं?” इंजिनिअरबाईंनी विचारलं.

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. बोल रे बाबा, आता तरी बोल.

धाकटा बोलला. “दादाचंच आहे, मॅडम. हल्ली त्याला नीट दिसत नाही. मी घरी सांगतच होतो.”

अरे वा रे भावा! बोट धरून ज्याला काम शिकवलं, त्यानंच केसानं गळा कापला. थोरल्याला संताप आला, रडूही आलं. पण घरात तीन आठवड्यांची पुतणी होती. धाकट्याची नोकरी गेली तर तिचं काय? त्यानं आळ स्वतःवर घेतला. बाईंनी त्याचा शिक्का काढून घेतला आणि धाकट्याला म्हणाल्या, “हा जोड कापा आणि तुम्ही नव्यानं करा.”

धाकट्याचा चेहरा पडला. बाई चार पावलं गेल्या तसा तो थोरल्याच्या कानाशी आला. “दादा, जरा उभा राहून दाखव ना. डोक्यावरचा जोड मला अजून जमत नाही रे.”

लाज कशी वाटत नाही याला! आणि उद्या या जोडावरून पोरंबाळं सायकली दामटणार होती.

“मॅडम!” थोरला ओरडला. “याच्या हातात देऊ नका. पहिल्यांदाही यानंच बिघडवलाय. हजेरी काढून बघा, हा जोड झाला त्या दिवशी मी दवाखान्यात याची लेक मांडीवर घेऊन बसलो होतो.”