भुरीचा उपास

शेलूबाजारात मांजरीची पिल्लं मोठी होण्याआधीच नाल्यात जातात. पोत्यात भरायची, तोंड सुतळीनं आवळायचं, झालं काम. त्याचं कुणाला काही वाटत नाही आणि वाटलं तरी कुणी बोलत नाही. त्रिशलाला वाटलं आणि ती बोलली, तिथूनच सगळं रामायण सुरू झालं.

त्रिशला म्हणजे किराणावाल्या जवरीलाल शेठची सून. मोकाट मांजरी पिंजऱ्यात धरायच्या, जीपनं वाशिमला न्यायच्या, डॉक्टरांकडून त्यांचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं आणि परत जागच्या जागी सोडायच्या, हे बिनपगारी काम तिनं अंगावर घेतलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिच्या सासूबाईंनी, जतनबाईंनी तर अबोलाच धरला. जिवाची कूस बंद करायची, हे कसलं पुण्य? पण एक दिवस त्यांनी नाल्याच्या काठाशी हलणारं पोतं पाहिलं. घरी येऊन म्हणाल्या, जा बाई, कर तुला करायचं ते.

ते पोतं बापूरावांचं. नाल्याला लागून त्यांचा भाजीचा मळा. त्यांच्या मळ्यावरची भुरी मांजर तशी कुणाचीच नव्हती, पण निजायची त्यांच्या बायकोच्या, हौसाबाईच्या चुलीपाशी. पिल्लं गेली की भुरी मळाभर ओरडत हिंडायची आणि हौसाबाईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तरीही ऑपरेशन म्हटलं की ती कानावर हात ठेवायची. त्रिशलानं तिच्या मागे लागून लागून तिला कसंबसं तयार केलं. शेवटी हौसाबाईनं आपल्या हातानं भुरीला पिंजऱ्यात घातलं.

"तुया भरवशावर देऊन राह्यली, ताई," ती म्हणाली. "हे नीट आली, तं गल्लीतल्या साऱ्या मांजरी मीच तुले आणून देईन."

बापूरावांनीही कबूल केलं. भुरी धड परत आली तर यापुढे पोतं नाही.

पिंजरा त्रिशलाच्या पडवीत आला, वर चादर टाकली. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. हिला काही खायला घालू नका, तिनं घरात बजावलं. का, ते मात्र सांगितलं नाही. या घरात मांजरीच्या पोटाची पडलीय कुणाला, असं तिला वाटलं. वाटलं ते चुकलं. जतनबाईंचा तेव्हा जैनांचा अठाईचा उपास चालू होता, आठ दिवस निव्वळ पाण्यावर, आणि पिंजऱ्यातली भुरी पहाटेपासून भुकेनं ओरडत होती.

वाशिमला भूल चढली आणि भुरीला उलटी झाली. ती श्वासनळीत गेली. डॉक्टरांनी तिला डोकं खाली करून धरलं, छाती चोळली, पण काही उपयोग झाला नाही. काही खाल्लं होतं का, त्यांनी विचारलं. त्रिशला ठामपणे नाही म्हणाली. त्यांनी भुरीचं तोंड पुसलेला कापूस पुढे केला. त्यावर दूध होतं.

जीपमध्ये ती मांडीवर ते गार गाठोडं घेऊन बसली. सांगायचं, तिनं ठरवलं. ऑपरेशननं नाही, दुधानं गेली, हे स्पष्ट सांगायचं. नाहीतर या गावात पुन्हा कुणी मांजर देणार नाही.

ओट्यावर हौसाबाई वाट बघत बसली होती. गाठोडं बघितलं आणि ती खालीच कोसळली. जतनबाई भिंत धरत बाहेर आल्या. उपासानं त्यांचे ओठ फुटले होते. त्यांनी हौसाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको, हौसा. उपाशी नाही गेली ते. सकाळी मी वाटीभर दूध पाजलं तिले. उपासाचं पचखाण म्या घेतलं, म्हाराजांसमोर नेम केला. त्या मुक्या जीवानं कुठं घेतलं होतं?"

त्रिशलानं गाठोडं ओट्यावर ठेवलं. कसं सांगणार? अशा बाईला, अशा दिवशी, माणसानं कोणत्या तोंडानं सांगावं?

"ऑपरेशनात गेली," ती म्हणाली.

झालं! गावभर बोभाटा झाला. शेठच्या सुनेनं मांजर मारून आणली. दारं बंद झाली, पिंजरा माळ्यावर गेला.

हिवाळ्यात भुरीची लेक मळ्यावर व्याली. एका सकाळी ओट्यावरून दोघी सासूसुनांना बापूराव पोतं घेऊन नाल्याकडे जाताना दिसले. जा ना, थांबव त्याले, जतनबाई म्हणाल्या. त्रिशला अनवाणी पळत सुटली. गाठ पडली तेव्हा बापूराव परत फिरले होते. पोतं ओलं होतं. ते पिळत होते, भाजीला पुन्हा लागतं म्हणून.

तिला रडू फुटलं. "ऑपरेशननं नव्हती मेली हो भुरी! पोटात दूध होतं म्हणून मेली. मी खोटं बोलली."

बापूरावांनी पिळलेलं पोतं खांद्यावर टाकलं.

"मंग तवाच सांगाचं होतं, ताई. म्या पोतं बांधलंच नसतं."

मागे काठीचा आवाज थांबला. जतनबाई हळूहळू मागून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वळल्या आणि आल्या तशा घराकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन त्यांनी जन्मभरासाठी दूध सोडलं. हे पचखाण कशासाठी, ते घरात कुणाला सांगितलं नाही. आता त्रिशला रोज सकाळी त्यांच्यापुरता कोरा चहा ठेवते आणि त्या तिच्याकडे न बघता तो पिऊन टाकतात.