चिमणीचं ताट

उलथन्याने टोपाच्या तळाची खरवड काढता काढता आचाऱ्याने मान वर केली, तर कँटीनच्या दारात चष्मेवाला उभा. कामगारांची शेवटची पाळी जेवून उठली होती. बाकांवर ओली फडकी फिरली होती आणि भिंतीवरच्या पाटीखाली पाण्याचे पेले पालथे घालून ठेवले होते. चष्मेवाल्याने पायपुसण्यावर पाय नीट पुसले, दोनदा पुसले, आणि मगच आत आला. या माणसाचं एकही वागणं नावं ठेवण्यासारखं नव्हतं आणि नेमकं तेच आचाऱ्याला सोसत नसे.

चष्मेवाला म्हणजे आचाऱ्याच्या पूर्वीच्या बायकोचा आत्ताचा नवरा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि स्वतःच्या डोळ्यांवर मात्र चष्मा नव्हता. आचाऱ्याला यातही काहीतरी लबाडी वाटायची.

"कामात असाल तर थांबतो," चष्मेवाला म्हणाला.

"बोला."

चष्मेवाल्याने खिशातून एक रंगीत, गुळगुळीत कागद काढून बाकावर पसरला. उंचच उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, तोंडं उघडून हसणारी माणसं.

"सुट्टीत तीन दिवस या थीम पार्कला जायचं ठरतंय. आपल्या मुलीची फार इच्छा आहे."

'आपल्या' ऐकल्याबरोबर आचाऱ्याने उलथनं टोपात जरा जोरात आपटलं.

"मग जा. मला कशाला विचारता?"

"जेवणाचं विचारायचं होतं. तिकिटाबरोबरच जेवणाचे पैसे भरायची सोय आहे. मनगटाला पट्टी बांधतात. पट्टी दाखवायची, दोन वेळा जेवायचं, एकदा मधलं खाणं. आत बाहेरचा डबा चालत नाही. एकदा पैसे भरले की परत मिळत नाहीत, आणि दहा वर्षांच्या पुढे मोठ्यांचाच दर. हिला गेल्या महिन्यात दहा पूर्ण झाली."

"मला माहीत आहे तिला दहा कधी पूर्ण झाली ते."

चष्मेवाला ओशाळला. "तसं नव्हतं म्हणायचं मला. हिची आई म्हणाली, असल्या ठिकाणची गोम तुम्हाला बरोबर कळेल. सोमवारपर्यंत कळवायचंय."

गोम कळेल म्हटल्यावर आचाऱ्याचा राग थोडा निवळला. रोज तीनशे माणसांना जेवू घालणारा माणूस तो. त्याने हात पुसले, कागद ओढून घेतला आणि जेवणघरांची चित्रं बारकाईने पाहिली.

"हे बघा. दारातून शिरलं की पहिल्या टेबलावर पाव, सूप, बटाटे. माणूस भुकेला असतो, तिथेच ताट भरून घेतो. चांगलंचुंगलं सगळं शेवटी, आणि तिथला डाव लहान. मोठे साहेब येतात तेव्हा मीही अशीच मांडणी करतो." तो स्वतःशीच हसला. "तुम्ही दोघं घ्या. दिवसभर पायपीट करून भूक लागेल, उलट्या बाजूने रांगेत शिरा म्हणजे वसूल होईल. चिमणीचं मात्र घेऊ नका. पैसे पाण्यात जातील."

"का?"

"का म्हणजे? चिमणी नाव काय उगाच ठेवलं मी? दाणे टिपते ती. रविवारी माझ्याकडे बाराला पानावर बसते, ती साडेतीनला उठते. तुम्हाला न्यायला या म्हणून फोन साडेतीनला का येतो, असं वाटतं तुम्हाला?"

हे सांगताना त्याच्या आवाजात फुशारकी होती. मुलीचं खाणं आपल्याला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. तिचा हा हट्टी, निवडक स्वभाव थेट आपल्यावर गेलाय. चष्म्याच्या काचा पुसून असलं काही मिळत नसतं.

चष्मेवाला मात्र गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला.

"साडेतीनपर्यंत जेवते? आम्हाला वाटायचं, जेवणानंतर तुम्ही दोघं पत्ते-बित्ते खेळत असाल." मग जरा चाचरत तो म्हणाला, "आमच्याकडे तर दहा मिनिटांत ताट चाटूनपुसून उठते हो. दोनदा मागून घेते. म्हणून तर तिचाही जेवणाचा प्लॅन घ्यावा असं वाटत होतं मला."

आचाऱ्याने कागदाची घडी घातली. घडी वाकडी बसली म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"स्वयंपाक कोण करतं?"

"सकाळचा ही करते. संध्याकाळचा मीच. फारसं येत नाही मला. अंड्याचा भात, मटारचं सूप, नाहीतर बटाटे उकडून वरून चीज."

"रविवारी बघतो," आचारी म्हणाला, "आणि सांगतो."

चष्मेवाला गेल्यावर त्याने टोप असा घासला की मदतनीस बाई दोनदा डोकावून गेली. अंड्याचा भात! हा भात शिजवता शिजवता त्याचे केस पांढरे झाले होते. शिफ्टमधली माणसं बोटं चाटत होती, साहेबलोक डबा मागवत होते, आणि पोटची पोर तिकडे दुकानदाराच्या हातचं दोनदा मागून घेत होती. इथे मात्र एकेक घास चिवडत बसायची. तो जळत होता. त्या माणसाचं घर, त्याचं टेबल, त्या टेबलावर रोज संध्याकाळी बसणारी आपली मुलगी, सगळं त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिच्या तोंडी त्याच्यासाठी अजून 'काका'च होतं, एवढाच काय तो दिलासा. पण भरवणाऱ्या हाताची सवय लागली की काकाचा बाबा व्हायला कितीसा वेळ लागतो?

रविवारची रीतही त्याच्याच तोंडून ठरलेली होती. तीन वर्षांपूर्वी सोडचिठ्ठी होताना चिमणीचा मामा मध्ये बसून विचारत होता, मुलगी किती तास येईल, किती वाजता परत जाईल. आचाऱ्याचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. "मला तासांची भीक नको," तो ताडकन बोलून गेला होता. "जेवायला पाठवा. जेवण झालं की फोन करेल, घेऊन जा." मामाने ते तसंच्या तसं धरलं. तेव्हापासून दर रविवारी चिमणी बाराला यायची, आणि जेवून हात धुतला की आपणहून फोन करायची. एक घास इकडे नाही, तिकडे नाही. आचाऱ्याला तिच्या या शिस्तीचंही कौतुक होतं. कँटीनच्या भिंतीवरची पाटी वाचतच तर ती अक्षरं शिकली होती. 'जेवण झाल्यावर बाक मोकळा करावा.' चार वर्षांची असताना बोट ठेवून, खणखणीत आवाजात वाचायची आणि कामगार हसत हसत उठायचे.

रविवारी तो पहाटेच उठला. अंड्याचा भात केला. मटारचं सूप केलं. बटाटे उकडून, चीज किसून, वरून खरपूस भाजले. चष्मेवाल्याच्या सगळ्या हुकमी पत्त्यांवर त्याने आपला पत्ता टाकला, आणि वर स्वतःची म्हणून कोबीची भाजीही केली. बाराला चिमणी आली. बूट काढून दाराशी जोडीने ठेवले, हात धुतले आणि आपल्या खुर्चीवर बसली. खोलीत दोनच खुर्च्या होत्या.

"अय्या, एवढं सगळं?"

"खा. बघू कोण जिंकतं ते."

"कोण खेळतंय?"

"कुणी नाही. तू खा."

ती खायला लागली, म्हणजे बोलायला लागली. वर्गात नवी मुलगी आलीये, तिला डाव्या हाताने लिहिता येतं, उजव्यानेही येतं, पण दोन्ही अक्षरं दोन माणसांची वाटतात. चमचा हवेत. मग एक मटार. मग शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली असतील त्याचा अंदाज. मग भातातलं अंडं एका बाजूला, भात दुसऱ्या बाजूला, मध्ये रस्ता. आणखी एक मटार. एरवी हे सगळं ऐकत आचारी समोर बसून राहायचा, आणि आठवडाभरात त्याला दुसरं काही इतकं आवडत नसे. आज मात्र त्याची नजर ताटावरून हलत नव्हती. पाऊण वाजला तरी बटाटे जसेच्या तसे. चीजवर साय धरल्यासारखा थर आला होता.

"चव नाही का?" त्याने विचारलं.

"मस्त झालंय."

"मग खात का नाहीस?"

"खातेय ना." तिने सूपात चमचा बुडवला आणि तसाच फिरवत ठेवला.

"तिकडे दहा मिनिटांत जेवतेस म्हणे." बोलू नये ते त्याच्या तोंडून निघालंच. "दोनदा मागून घेतेस. तिकडचं गोड लागतं आणि माझंच तेवढं घशाखाली उतरत नाही, होय?"

चमचा थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. कान लाल झाले.

"कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. खरं आहे की नाही?"

तिने ताट जवळ ओढलं आणि खायला लागली. भातातला रस्ता मिटला. अंडं गेलं, भात गेला, कोबीची भाजी गेली, बटाटे चार घासांत गेले. सूपाची वाटी दोन्ही हातांनी उचलून तिने तोंडाला लावली. मटाराचा एक दाणा कडेला राहिला होता, तोही बोटाने टिपून तोंडात टाकला. आचारी पाहतच राहिला. अशी जेवणारी माणसं त्याला रोज दिसायची, बारा तासांची पाळी करून आलेली. मनातून तो सुखावला. जिंकलो, असं त्याला वाटलं.

चिमणीने ताट उचलून मोरीत ठेवलं. हात धुतले, तोंड धुतलं, पंच्याला पुसलं. मग दाराशी जाऊन खाली बसली आणि बूट घालायला लागली. एका बुटाची नाडी बांधून झाल्यावर तिने मान वर केली.

"झालं माझं जेवण," ती म्हणाली. "फोन दे ना. करते."

आचाऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच कमी होते.

तो खुर्चीवरून उठला आणि तसाच उभा राहिला. तीन वर्षांचे रविवार त्याच्यासमोरून गेले. तिचा हवेत थांबलेला चमचा, रेघोट्या ओढलेला भात, गार होऊन गेलेली सूपं. आणि 'अगं, आवर' असं तो स्वतः किती वेळा म्हणाला होता, तेही आठवलं. चिमणी दुसऱ्या बुटात पाय घालत होती. खाली मान घालून, अगदी हळू.

"कुठे निघालीस?" तो म्हणाला. "जेवण कुठे झालंय अजून?"

"झालं की. बघ ना, ताट रिकामं आहे."

"फळ राहिलंय. फळाशिवाय जेवण पुरं होतं का कुठे?"

त्याने टोपलीतून डाळिंब काढलं. चांगलं दोन मुठींएवढं होतं. कँटीनमध्ये तो एका मिनिटात डाळिंब मोकळं करायचा, सालीवर उलट्या डावाने चार ठोके घालून. आज त्याने सुरी घेतली, साल अलगद चिरली आणि दाणे एकेक करून बशीत सोडायला लागला. मधला पिवळा पापुद्रा नखाने सोलायचा, एक दाणा. पुन्हा सोलायचा, एक दाणा.

चिमणी त्या बशीकडे बघत राहिली. मग तिने बांधलेली नाडी सोडली, बूट काढले आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसली. पाय वर घेतले.

"ती दोन्ही हातांनी लिहिणारी मुलगी," आचारी म्हणाला, "तिचं कुठलं अक्षर जास्त चांगलं?"

"थांब, सांगते."

ती सांगत असतानाच फोन वाजला. चष्मेवाला होता.

"माफ करा, अजून वेळ व्हायचीये, माहीत आहे. ते प्लॅनचं काय करायचं? उद्या शेवटचा दिवस."

"घ्या," आचारी म्हणाला. डाळिंबाचा रस त्याच्या मनगटापर्यंत ओघळला होता. "तिघांचाही घ्या."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"मला कळलं नव्हतं. चांगली जेवते ती. तुमच्याबरोबर असेल तर दहा मिनिटांत जेवेल." हे म्हणताना जीभ जड झाली होती, पण म्हणाला. "तिच्याही मनगटाला पट्टी बांधा. तिला आवडेल."

"बरं झालं विचारलं तुम्हाला. मग आत्ता निघू का तिला न्यायला? की आहे अजून?"

आचाऱ्याने बशीकडे पाहिलं. बशीत सात-आठ दाणे होते. चिमणीने त्यातला एक उचलला होता आणि खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून ती त्यातून पलीकडे बघत होती. फोनवर कोण आहे ते तिला कळलं होतं. ती हलली नाही.

"आहे," तो म्हणाला. "अजून जेवतेय."

चिमणीने दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावायला लागली.