बांधापलीकडची येळवस

संतपूरच्या शिवारात येळवशीला कुणी कुणाला आवतण देत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला ज्याच्या त्याच्या रानात कडब्याची कोप उभी राहते, आत लक्ष्मीची पूजा होते, आणि बांधावरून जो येईल त्याला भज्जी-भाकरी वाढतात, आंबिल पाजतात. एवढी साधी रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मृत्युंजय मात्र सात वर्षं पत्रिका छापत होता.

बोअरच्या गाड्यांवर त्याने पैसा केला, हैदराबादेत बंगला बांधला आणि मग गावी येऊन आप्पारावांच्या लेकीच्या, विजयश्रीच्या, रानाला लागून असलेलं खडकाळ रान मागेल त्या भावाने घेतलं. लोक हसले. पण येळवशीला त्याने मांडव घातला, उदगीरहून आचारी आणले, खुर्च्या मांडल्या, तेव्हा तेच लोक पोटभर जेवले आणि हा आप्पारावांच्या सालगड्याचा पोरगा ना, असं एकमेकांना विचारत घरी गेले. हा सगळा थाट त्या विजयश्रीसाठी होता. पत्रिका तिच्याही घरी जायची. ती एकदाही आली नाही.

मृत्युंजयच्या लहानपणी आप्पारावांच्या कोपीत मालकांची पंगत आत बसायची आणि सालगड्याची माणसं बाहेर, लिंबाखाली पोत्यावर. विजयश्री, आप्पारावांची एकुलती एक, हट्टाने आंबिलीचं मडकं घेऊन बाहेर यायची. तिथूनच दोघांचं जुळलं. एकोणिसाव्या वर्षी धीर करून मृत्युंजयने आप्पारावांना विचारलं. ते चिडले असते तरी परवडलं असतं. ते नुसते हसले आणि म्हणाले, बैलांना पाणी दाखव जा. आणि त्याने खरंच जाऊन बैलांना पाणी दाखवलं. तो अपमान पुढे कितीही पैसा आला तरी पुसला गेला नाही.

विजयश्रीसाठी तिप्पण्णा नावाचा गरीब स्वभावाचा घरजावई आणला. मृत्युंजय गाव सोडून निघाला त्या सकाळी ती फाट्यापर्यंत आली होती.

"येळवशीला येत जा," ती म्हणाली. "बोलवायला लागत न्हाई."

त्याला ते झोंबलं. पुन्हा पोत्यावर बसायला? आता तीच माझ्या मांडवात येईल, अशी खूणगाठ त्याने बांधली आणि माणूस खुळा झाला.

दर येळवशीला भर दुपारी ती हिरव्या लुगड्यात कोपीच्या तोंडाशी उभी राहायची. डोळ्यांवर हात धरून इकडे बघायची. मृत्युंजयला वाटायचं, मांडव बघते आहे, आता येईल. मग ती आत जायची.

यंदा श्रावणात कावीळ झाली आणि ती गेली. तो मातीलाही आला नाही. तरी येळवशीला मांडव उभा राहिलाच. दुपारी त्याने नको नको म्हणत बांधापलीकडे पाहिलं. कोपीच्या तोंडाशी हिरवं लुगडं उभं होतं. डोळ्यांवर हात.

शेजारच्या भीमण्णाला त्याने विचारलं, तिकडे कोण दिसतंय? भीमण्णा जेवणात गुंग होता. त्याने मान वर करेपर्यंत कोपीचं तोंड रिकामं झालं होतं. मृत्युंजय उठला. पाहुणे हाका मारत राहिले आणि तो तुरीतून वाट काढत तीस वर्षांनी तो बांध ओलांडून गेला.

कोप जुन्याच जागी होती. लिंबही होता. त्याचे पाय आपोआप लिंबाकडे वळले आणि सफारी घातलेला तो माणूस मातीत मांडी घालून बसला. ते त्याच्याही ध्यानात आलं नाही.

कोपीतून हिरवं लुगडं बाहेर आलं. तोच बांधा, तीच चाल. चेहरा जवळ आला तेव्हा कळलं, ही तिची पोरगी स्नेहा. आईचं लुगडं नेसली होती. हातात आंबिलीचं छोटं मडकं होतं.

"मामा, बाहीर कामून बसायलाव?" ती म्हणाली. आईच्या गावचा माणूस म्हणून मामा.

हे मडकं आई दर येळवशीला बाजूला काढून ठेवायची, असं तिने सांगितलं. दुपारी बाहेर येऊन वाट बघायची आणि मग कुणालाच न देता ते लिंबाच्या मुळाशी ओतायची. तिचे वडील तिप्पण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. मांडव एवढा जवळ आहे तर तूच जाऊन ये की, असं स्नेहाने एकदा म्हटलं होतं.

"मग? काय म्हनली?" मृत्युंजयने विचारलं.

"म्हनली, तितं मी गेले तर त्यो मालक व्हतोय. हितं त्यो आला पायजे. आन् आला तर बाहीरच बसंल बग, त्याला हाताला धरून आत न्हे."

स्नेहाने हात पुढे केला. बांधापलीकडे लाऊडस्पीकरवर कुणीतरी मृत्युंजय मालकांना जेवायला बोलवत होतं. मृत्युंजयला उठायचं होतं. पण पोत्यावर बसायची सवय लागलेले पाय त्याचं ऐकेनात.