टोकाशी मिटणाऱ्या रेघा

"बोट घालू नका, आबांग. सोमल आहे त्यात," लेह म्हणाला.

देरामानने पुढे केलेलं बोट मागे घेतलं आणि उगाचच सारोंगला पुसलं. बांबू उभा चिरून केलेल्या पन्हळीत लिंबाचा रस होता, त्यात सोमल कालवलेला, आणि तळाशी त्याच्या बापाचं, वान सुलोंगचं केरिस, नागमोडी पात्याचा खंजीर, पडलं होतं. खंड्याच्या चोचीसारखी मूठ आणि केमुनिंगच्या पिवळ्या लाकडाचं म्यान लेहने बाजूला फडक्यावर काढून ठेवलं होतं. म्यान त्यानेच केलेलं होतं, तरुणपणी. पण तेव्हा पात्यावर गंज आणि तेलाचा थर होता. वान सुलोंग हयात असेपर्यंत त्यांनी ते कुणाला धुऊ दिलं नाही. लेहने आयुष्यभर गावातली केरिसं धुतली होती, एवढं एक सोडून.

त्याने पातं मुठीत शिरणाऱ्या शेपटाला धरून वर काढलं, काथ्याच्या कुंचल्याने पुसलं आणि पुन्हा रसात सोडलं. लोखंड काळं पडू लागलं होतं. त्यात ठोकून मुरवलेला पांढरा धातू मात्र काळा पडत नव्हता, आणि त्याच्या रेघा एकेक करून वर येत होत्या.

"काय दिसतं?" देरामानने विचारलं.

लेहने पातं रसातून वर काढलं. रेघा केसांइतक्या बारीक होत्या. पात्याच्या प्रत्येक वळणाबरोबर त्या वळत होत्या. एकही दुसरीला चिकटली नव्हती, एकही मध्येच तुटली नव्हती. त्याने पातं उजेडाकडे धरलं आणि टोक डोळ्यांजवळ आणलं. टोकाशी बाहेरच्या रेघा आधी मिटत होत्या, मग त्यांच्या आतल्या, आणि सगळ्यात आतली एकटी अणीपर्यंत पोहोचत होती.

"आबांग, हे इथे बघा. बाकीचे लोहार पातं ठोकतात आणि टोक कानसून काढतात. कानसलं की रेघा कापल्या जातात. याने टोक कानसलेलंच नाही. ठोकत ठोकत इथवर आणलंय. असं मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं."

"छान आहे," देरामान म्हणाला. त्याने टोकाकडे पाहिलं, पण फार वेळ नाही. "तेच टोक थोडं कमी करायचंय."

लेहला वाटलं, तो थट्टा करतोय.

"मी घरी मोजून पाहिलं," देरामान म्हणाला. त्याने दोन्ही अंगठे पुढे धरले. "बुडापासून एकाआड एक अंगठा ठेवत गेलो. घर, मान, वैर, मरण. घर, मान, वैर, मरण. शेवटचा अंगठा ज्यावर येईल ते धन्याच्या नशिबी. माझा वैरावर येतो. तोही पुरता नाही, नुसता नखाएवढा. तेवढं गेलं की मानावर संपतं."

"मग ते तुमचं नाही, आबांग. तुमच्या धाकट्याच्या, हमातच्या अंगठ्याने मोजा."

"हमातचे अंगठे रेड्यासारखे आहेत. त्याला बसेल, म्हणून तर आलोय!" देरामानचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. "बापाच्या आजारपणात तो नदी ओलांडून किती वेळा आला? उशाशी कोण बसलं होतं? उद्या बापाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तोक जुसोह सगळ्यांसमोर मोजणार. थोरल्याला केरिस बसलं नाही आणि धाकट्याला बसलं, असं झालं तर घराचा कर्ता कोण?"

वर, खांबांवरच्या घराच्या लाकडी जमिनीवर, पावलं वाजली आणि लेहची मुलगी रोकियाह कॉफी घेऊन शिडीवरून खाली आली. देरामानचा चेहरा एकदम मऊ झाला.

"ये सूनबाई. साखर जास्त घातलीस ना? तुझ्या बापाचं तोंड आज कडू आहे."

"त्यांचं रोजच असतं," ती होणाऱ्या सासऱ्याला हसून म्हणाली. मग दोघांची तोंडं पाहून तिचं हसू गेलं. कप ठेवून ती वर गेली.

"पोरगी चांगली आहे," देरामान म्हणाला. "आमच्या आदनानला मी तेच सांगतो. पुढच्या महिन्यात लग्न. आपण व्याही, म्हणजे एकाच घरचे. घरातली गोष्ट घरात राहते. पण घरच माझं राहिलं नाही, तर पोराचं लग्न कुठल्या तोंडाने लावू? तूच सांग."

लेहने पातं कोरड्या फडक्यावर ठेवलं. "मला जमणार नाही, आबांग. दुसरं काहीही सांगा. नवं म्यान करतो. मुठीला चांदीची वाटी बसवतो."

"या रेघा कोण बघतंय, लेह? तू एकटा बघतोस."

गावात लोक केरिस कमरेला लावत, लग्नात मिरवत, भिंतीवर टांगत. म्यानातून काढून पातं उजेडात धरणारा लेहच.

देरामान उठला. बाकावरची कानस त्याने उचलली, पातं फडक्यासकट मांडीवर घेतलं. लेहला हात पुढे करता आला असता. बाक मध्ये नव्हता, अंतरही नव्हतं. पण वरचा भांड्यांचा आवाज थांबला होता. रोकियाह फळ्यांच्या फटीपाशी असणार, हे त्याला कळलं. तो उभाच राहिला.

भातगिरणीवाल्याचा हात तो. कानस आडवी, जोर लावून, जशी गिरणीच्या लोखंडी पट्टीवर चालवतात तशी चालली. लेहने डोळे मिटले नाहीत. थोड्या वेळाने काहीतरी जमिनीवर पडलं, इतकं बारीक की आवाजसुद्धा झाला नाही.

"झालं," देरामानला धाप लागली होती. "आता हे चकाकतंय ते काळं कर."

लेहने पातं हातात घेतलं. टोकाशी मिटलेल्या रेघा आता उघड्या पडल्या होत्या, कापलेल्या दोरीच्या पेडांसारख्या. वर कानशीचे आडवे ओरखडे.

"करतो. उघडं लोखंड तसंच ठेवलं तर गंज आत शिरेल. पण घासून साफ करणार नाही. घासायचं तर अजून कापावं लागेल."

"साफ कशाला? नुसतं काळं कर."

त्याने पातं परत रसात सोडलं.

देरामान गेल्यावर रोकियाह खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसली.

"लग्नाचं ते त्यांनी मला ऐकू यावं म्हणूनच मोठ्याने म्हटलं, आयाह."

"हो."

"मी थांबवायला सांगितलं असतं, तर तुम्ही थांबवलं असतं?"

"हो."

"म्हणून मी सांगितलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वान सुलोंगच्या घरी दुआ झाली, थाळ्या मांडायच्या आधी पुरुष ओटीवर गोल बसले. तोक जुसोह म्हणजे वान सुलोंगचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांनी केरिस म्यानातून काढलं, कपाळाला लावलं आणि देरामानपुढे धरलं. देरामानचे अंगठे पात्यावरून एकाआड एक पुढे सरकू लागले. तोक मोठ्याने म्हणत गेले. घर, मान, वैर, मरण. हमात कोपऱ्यात मान वाकवून ऐकत होता. शेवटचा अंगठा टोकाशी आला, कडेला कड लागली.

"मान," तोक म्हणाले.

बसलेल्यांतून समाधानाचा आवाज उठला. कुणीतरी देरामानच्या पाठीवर थाप मारली. तोकनी मात्र केरिस त्याच्या हातात दिलं नाही. त्यांचा अंगठा टोकावर थांबला होता. तो मागेपुढे फिरला, पुन्हा थांबला.

"आमच्या लहानपणी थोरल्या भावाने हे मला एकदा दाखवलं होतं," ते म्हणाले. "हे टोक बोटात न कळता शिरायचं." त्यांनी मान वर केली. "लेह, हे तू धुतलंस ना?"

"हो, तोक."

"टोक कुणी कापलं?"

देरामान आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात रोकियाह भाताची परात घेऊन उभी होती. तिच्यामागे देरामानची बायको, आणखी चार बायका.

"मी," लेह म्हणाला. "गंज टोकात खोल गेला होता. काढावं लागलं."

"आणि हे ओरखडे?"

"माझेच."

"आडवे?" तोकनी पातं त्याच्याकडे तिरपं धरलं. "माझ्या केरिसाला तू मूठ बसवलीस, तेव्हा कड गुळगुळीत करायला आठवडा घेतला होतास. मी शिव्या दिल्या होत्या तुला. आणि हे तुझं काम?"

लेहने ओरखड्यांकडे पाहिलं. कापलं मी, हे म्हणणं त्याला सोपं गेलं होतं.

"माझंच काम, तोक. हात पूर्वीसारखा चालत नाही."

तोक जुसोह त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी देरामानकडे पाहिलं, आणि तो मान वर करत नाही हे पाहून केरिस म्यानात घातलं.

"म्हातारा झालास, लेह."

"झालो, तोक."

त्यांनी केरिस देरामानच्या हातात दिलं. रोकियाहने परात मधोमध आणून ठेवली. भात सगळ्यांना वाढला गेला, लेहलाही.

लग्नाची तारीख बदलली नाही. पण त्या आठवड्यात लोक कामाला दिलेली केरिसं परत न्यायला एकेक करून लेहच्या घराखाली आले. कुणी रागाने बोललं नाही. "सोनगोलोकहून जावई आलाय, त्याला दाखवायचंय, मग परत आणून देतो." "राहू दे, घाई कुठे आहे? भिंतीवर तसंच बरं दिसतं." लेह खुंटीवरून केरिस काढून द्यायचा, वर सुताचं फडकं गुंडाळून द्यायचा. फडकं परत करा, असं कुणाला म्हणाला नाही.

शेवटी दाऊद आला. तो होड्या डांबरायचा, लेहच्या वयाचा. त्याच्या केरिसाची मूठ सैल झाली होती.

"नेतोस?" लेहने विचारलं.

"नेऊ कशाला? मूठ काय बायको बसवून देणार आहे?" दाऊद म्हणाला. "बसव की."

"संध्याकाळी ये मग."

एरवी दाऊद पातं बाकावर टाकून कॉफीच्या दुकानात जाऊन बसायचा. आज त्याने इकडेतिकडे पाहिलं, शिडीजवळचं स्टूल ओढलं.

"इथेच बसतो," तो म्हणाला. "बाहेर ऊन आहे."

बाहेर ढग होते. लेहने मूठ उपसली, शेपटावर नवं सूत गुंडाळायला घेतलं. दाऊदने विडी पेटवली, पण ती ओढायचं त्याला भान नव्हतं; त्याची नजर लेहच्या बोटांवरून हलत नव्हती. लेहने सूत खाली ठेवलं, उठला, आणि दाऊदला नीट दिसावं म्हणून बाक थोडा उजेडाकडे फिरवून घेतला.