माझ्या सात खोल्या आणि कस्तुराबाईंचा हात

मित्रांनो, मी एक जुना बफर आहे. चाकणच्या एका प्रेस मशीनच्या मेमरीतली सात खोल्यांची चाळच म्हणा ना. एका खोलीत एकच अक्षर राहतं. निरंजन नावाच्या नव्या इंजिनियरने मला सी प्रोग्राममध्ये जन्म दिला. त्याला जेवायला जायची घाई होती, म्हणून सातच खोल्या.

काम साधं होतं. प्रेस किती जोराने आदळली, तो आकडा मशीनच्या पोटात दशांशासकट असतो. पण बाहेरच्या डिस्प्लेच्या पाटीला फक्त अक्षरं कळतात. मग स्प्रिंटएफ नावाचं फंक्शन यायचं, आकड्याचे तुकडे करायचं आणि एकेक तुकडा माझ्या खोलीत कोंबायचं. शेवटी 'संपलं' अशी खूण म्हणून एक शून्य. १००.०० टन म्हणजे सहा अक्षरं आणि शून्य. झाली चाळ फुल. जागा आहे का, असं स्प्रिंटएफ कधीच विचारत नाही. संपली तर भिंत फोडून शेजारी लिहितं.

माझा शेजारी म्हणजे सेन्सरचा बाइट, एकाच खोलीचं बिऱ्हाड. साच्यात पत्रा ठेवणारा हात किंवा चिमटा असला की तो एक व्हायचा आणि प्रेस वरच थांबायची. हात-चिमटा बाहेर आला की तो शून्य, मग प्रेस खाली. प्रेसवर काम करणाऱ्या कस्तुराबाईंची दहा बोटं त्याच्या भरवशावर होती.

खंडेनवमीला आमची पूजा व्हायची. प्रेसला झेंडू, पाटीला कुंकू, पॅडलवरच्या विटेला हळद. वीट कशाला? प्रेस खाली आणायचं पॅडल सारखं दाबून पाय दुखतो, म्हणून दिवसभर ते वीटच दाबून धरायची. सेन्सर आहेच की! मला कुणी कुंकू लावलं नाही.

पुढे गिऱ्हाइकाने सांगितलं, टन नको, किलोन्यूटन दाखवा. निरंजनने एका ओळीत ९.८१ने गुणलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ९८१.०० मावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग एका सोमवारी जाड पत्रा आला. लोड १००४.२९. सात खोल्यांत सात अक्षरं बसली आणि शून्य उघड्यावर पडलं. स्प्रिंटएफने भिंत फोडून ते शेजाऱ्याच्या छाताडावर घातलं. सेन्सर 'एक, एक' ओरडत राहिला. स्प्रिंटएफ प्रत्येक वेळी त्यावर शून्य लिहून त्याचा गळा दाबत राहिलं आणि साच्यात काही नाही असंच प्रेसला वाटत राहिलं.

प्रेसने आधी चिमट्याचा चुरा केला.

"उद्धवराव, मशीन येडी झाली बघा! चिमटा आत असताना पडली," कस्तुराबाई सुपरवायझरला म्हणाल्या.

"हात हाय न्हवं जागेवर? दुसरा चिमटा दुपारी आणतो. गाडी गेटवर हाय, उरक."

चिमटा नव्हता, म्हणून त्यांनी हाताने पत्रा ठेवला. प्रेस पडली. दोन बोटं गेली. ती पत्र्याहून पातळ झाली होती. किंकाळी ऐकून निरंजन धावत आला, रक्त उडालेल्या पाटीकडे बघून म्हणाला, "रीडिंग तर बरोबर आहे."

तीन महिन्यांनी कस्तुराबाई कामावर परतल्या, तेव्हा निरंजनला मी एकदाचा सापडलो होतो.

"काय केलं, भाऊ?"

"आठ खोल्या केल्या, मावशी."

"लागत्यात किती?"

"आठ."

"अन् उद्या नववं अक्षर आलं तर? माझ्याकडं बी आठच उरल्यात."

निरंजन पुन्हा प्रोग्राम उघडून बसला. त्याने मला बत्तीस खोल्या दिल्या आणि स्प्रिंटएफला हाकलून त्याच्या थोरल्या भावाला आणलं. हा आधी जागा विचारतो, मावेल तेवढंच लिहितो.

मित्रांनो, आकडा बरोबर आला म्हणून खूश होऊ नका. तो कुठे मावणार आणि नाही मावला तर कुणाच्या अंगावर पडणार, हे आधी बघा.

यंदा खंडेनवमीला उद्धवराव विटेला हळद लावायला बसले. कस्तुराबाईंनी ती त्यांच्या हातातून हिसकावून गेटबाहेर फेकली.

आठ बोटांनीही वीट चांगली लांब जाते.