हजेरीचं बटण

पुलावरचा लोखंडी राखणदार तिसऱ्याच घावात आडवा झाला, तेव्हा मृण्मयीला आनंद व्हायच्या आधी रागच आला.

“एवढंच? एवढ्यासाठी दहा वर्षं?” ती रिकाम्या घरात टीव्हीला म्हणाली.

पडद्यावर पूल हलायला लागला. म्हातारा पलीकडे पोचला, भालेवाली बाई पोचली, वेणीवाली पोरगी पोचली. सगळ्यात मागे राहिलेला लहानगा ढोलकीवाला मात्र मधेच थांबला, काहीतरी जपानीत बोलला आणि दगडांबरोबर खाली गेला. संथ, रडकं संगीत सुरू झालं. मृण्मयीने नाक ओढलं आणि तिचं तिलाच हसू आलं. जपानी गेमवाल्यांची ही जुनी खोड आहे, हे तिचं ठाम मत होतं. चाळीस तास जीव लावायला लावायचा आणि ऐन वेळी हिसकावून घ्यायचा. मेल्यांना दुसरं सुचत नाही!

मग दोन ओळींचा प्रश्न आला. तिला जपानी वाचता येत नव्हतं, पण वरची ओळ म्हणजे ‘हो’, एवढं आठ महिन्यांत नवऱ्याच्या शेजारी बसून कळलं होतं. तिने वरची दाबली. टुण्ण आवाज झाला. गेम सेव्ह झाला.

गेम तिचा नव्हता, रेवणसिद्धचा होता. तो लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. बारावीला याच गावात खोली करून राहिला होता, तेव्हा हैदराबादहून कुणाकडून तरी ही सीडी मागवलेली. नकली माल, वर मार्करने लिहिलेले चार आकडे, आत सगळं जपानी. प्लेस्टेशनही तेव्हाचंच, झाकण चिकटपट्टीने बसवलेलं. त्याने तो गेम पुलापर्यंत खेळला आणि तिथेच ठेवला. दहा वर्षं मेमरी कार्डात तीच एक जागा, पुलाच्या अलीकडची छावणी.

मृण्मयी नांदेडची. वडील मास्तर, ती स्वतः मास्तरीण, पण लहानपणी भावाच्या, यज्ञेशच्या, टीव्ही गेमवर तिचाच हात चालायचा. तीन जीव, समोर येईल त्याला उडवायचं, मेलात तर पहिल्यापासून. त्यात लबाडी चालत नाही, असं ती म्हणायची. “जपान्यांनी जगाला काय दिलं असेल तर उडी दिली. कधी मारायची हे कळलं, की सगळं कळलं.”

“आन् उडी मारून जायचं कुठं?” रेवण विचारायचा. “पोचायला गाव लागतंय की.”

त्याच्या गेममध्ये गावंच गावं होती. हा बाबा प्रत्येक गावात शिरणार, प्रत्येक घरात जाणार, विहिरीवरच्या बाईशी बोलणार. ती बाई काय म्हणते ते याला कळत नाही, तरी पुन्हा बोलणार. आणि लढाई? एकाने मारायचं, थांबायचं, मग दुसऱ्याने मारायचं. “ही लढाई आहे की लग्नातला आहेर?” असं मृण्मयीने विचारलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. लग्नाआधी तीही त्याच क्लासमध्ये शिकवायची, आणि तिथल्या स्टाफरूममध्ये दोघांची ओळख झाली ती याच भांडणातून. नांदेडला मावश्या विचारायच्या, काय पाहिलंस गं त्याच्यात? आता कुणाला सांगायचं, की उडीवरून वाद झाला आणि लग्नापर्यंत गेला!

एकच गोष्ट तिला खटकायची. रोज दुपारी, चारच्या बॅचला जाताना, तो टीव्ही लावायचा, छावणीत उभं राहून गोल बटण दाबायचा. नायक एक हाक द्यायचा आणि त्याची माणसं एकेक करून ओ द्यायची. जपानी सैनिक ओ देताना ‘हाय’ म्हणतात. म्हाताऱ्याचा जाड ‘हाय’, बाईचा, पोरीचा, आणि शेवटी त्या ढोलकीवाल्याचा चिरका ‘हाय!’ चार झाले, की टीव्ही बंद, चपला घालून हा जिन्यात. दोघं त्याला हजेरी म्हणत.

“तुझे जपानी तुमच्या निलंग्याकडचेच दिसतात रे,” ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती.

“हाव. सोयरेच हायत.”

यज्ञेशने मध्यंतरी त्याच गेमची इंग्रजी सीडी पाठवली. आता तरी गोष्ट कळेल, म्हणून मृण्मयीने हौसेने लावून दिली. हजेरीचं बटण दाबलं तर नुसती तुतारी वाजली आणि चार नावं लिहून आली. रेवणने दोन मिनिटांत बंद केलं.

“ह्यात माणसं बोलत न्हाईत.”

“अरे, उलट यातच कळतंय ना काय बोलतात ते!”

“कळतंय. पर बोलत न्हाईत.”

नाकाने कांदे सोलतोय, असं तिला वाटलं. आणि मनात पक्कं बसलं, की याला पूल जमत नाही आणि तसं कबूल करायची लाज वाटते. आज शनिवार, शाळा अर्धा दिवस. तो यायच्या आत पूल पार करून ठेवू, खूश होईल, म्हणून ती दप्तर टाकून बसली होती.

आता पलीकडे नवी छावणी दिसत होती. नवी धून, बर्फाचे डोंगर. मृण्मयीने सहज गोल बटण दाबलं.

हाय. हाय. हाय.

मग काही नाही. गेमवाल्यांनी तेवढी जागा तशीच सोडली होती. चौथ्या आवाजाला लागेल तेवढा वेळ नायक हात वर करून थांबला आणि मग हात खाली आला.

राखणदार तिसऱ्या घावात पडला, तेव्हाच कळायला हवं होतं. त्याची माणसं इतकी तयार होती, की पूल डोळे मिटून पार झाला असता. त्याला पूल जमत नव्हता असं नाही. तो जातच नव्हता.

तिने गेम बंद करून पुन्हा लावला. कार्डात जागा एकच, आणि त्या जागेवर बर्फाचे डोंगर. केबल काढली, घातली, कार्ड फुंकलं. फुंकून कधी काही परत आलंय का? आपण दुसऱ्याच्या कपाटात आवराआवर करायला गेलो आणि त्याचं काहीतरी फेकून दिलं, असं तिला झालं. काय फेकलं तेही माहीत नाही. रडूच यायला लागलं.

दीड वाजता कुलपात किल्ली फिरली.

रेवणसिद्ध हातावरचे खडूचे डाग बघत आत आला. “काय करायलीस? जेवलीस का न्हाई?”

“रेवण, माझ्याकडून चूक झाली.” तिने एका दमात सांगून टाकलं. “मी पूल ओलांडला. आणि सेव्ह केलं. तुला मदत म्हणून केलं रे. तुझी जागा गेली.”

तो उभाच राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पिशवी खुर्चीवर ठेवली, तिच्या शेजारी सतरंजीवर बसला, रिमोट घेतला आणि गोल बटण दाबलं.

हाय. हाय. हाय.

त्याने रिमोट हळूच खाली ठेवला.

“मला म्हाईत होतं तो पोरगा पडतोय ते. खोलीवरच्या पोरानं सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “म्हणूनच गेलो न्हाई कधी.”

“मी पहिल्यापासून खेळून आणून देते तुला तिथपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत. सगळ्या गावांत जाईन, सगळ्यांशी बोलेन. खरंच.”

“तसं न्हाई, मृण्मयी.” तो बोटांवरचा खडू चोळत राहिला. “भूकंपात आमचं घर पडलं, तुला म्हाईत हाय. आजोबा, आई, ताई.”

“हो. आणि तू निलंग्याला होतास, गुरुबसप्पा काकांकडे.”

“तसं सांगायचं ठरलंय. काकांनीच ठरवलं. लोक लई इचारायचे, म्हणून.” त्याने हात सतरंजीला पुसले. “मी बी तितंच व्हतो.”

मृण्मयीने टीव्हीचा आवाज कमी करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“विसर्जन करून येऊन झोपलेलो. डोक्यावरचं माळवद खाली आलं. काळोख, सगळीकडं माती. येकमेकांचं नुसतं ऐकू यायचं. मग वरून माणसं हाका मारायला लागली. कोण हाय का खाली, कोण हाय का? आजोबा म्हणले, हाय. आई म्हणली, हाय. ताई म्हणली. परत हाक आली, की परत तिघं.” तो पडद्याकडे बघत होता, तिथे बर्फ पडत होता. “आई म्हणायची, रेवण, तू बी म्हण की रं. म्हण, बाळा. वरच्यांना कळू दे चौघं हायत.”

“आणि तू?”

“म्हणलोच न्हाई.”

“लहान होतास रे.”

“अकरा वर्साचा घोडा व्हतो. तोंडात माती बी नव्हती, लागलं बी नव्हतं. नुसता आवाज निघंना. का निघंना ते मला अजून कळलं न्हाई.” त्याने डोळे पुसले नाहीत, त्यामुळे पाणी सरळ गालावरून खाली आलं. “शेवटी आईच वर ओरडली, चौथा बी हाय, चौथा बी हाय म्हणून. दुपारनंतर येकेक आवाज बंद झाला. माणसं आमच्यापतुर पोचली तवा दिवस मावळायला आलता. तिघं गेले. गप बसला व्हता त्यो निघाला.”

मृण्मयीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तो हात लावू देईल असा बसला नव्हता, म्हणून तिने नुसता आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवला. आठ महिने शेजारी झोपलेल्या माणसाचं हे आपल्याला माहीत नव्हतं, याचं तिला वाईट वाटलं, आणि ते आपण चुकून, गंमत म्हणून उघडलं, याचं त्याहून.

“त्या ढोलकीवाल्या पोराचा आवाज आला की बरं वाटायचं,” तो म्हणाला. “म्हणलं तर खरं कुणीतरी.”

खालच्या गल्लीतून क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली गेल्या. जेवण तसंच होतं. मृण्मयीला सुचत होते ते सगळे शब्द शाळेतल्या समुपदेशनाच्या वर्गातले वाटत होते. तिने रिमोट उचलला. गेम बंद करावा, असंच तिच्या मनात होतं. पण अंगठा सवयीने गोल बटणावर गेला आणि दाबला गेला. पडद्यावर नायकाने हात वर केला.

म्हातारा म्हणाला. बाई म्हणाली. पोरगी म्हणाली.

नायक हात वर करून थांबला.

“हाय,” रेवणसिद्ध म्हणाला.